वजनकाटा कुणाच्या खात्यातला?

दहा ऑक्टोबर जवळ आला की सरकारी रुग्णालयांच्या आवारात हिरव्या फिती निघतात. जागतिक मानसिक आरोग्य दिन. फ्लेक्स लागतो, रांगोळी स्पर्धा होते, नर्सिंगच्या मुली पथनाट्य करतात. त्यात केस पिंजारलेला एक वेडा हमखास असतो, त्याला मांत्रिकाकडे ओढणारी आई असते आणि शेवटी पांढरा कोट घातलेली मुलगी येऊन पाच मिनिटांत सगळं मार्गी लावते. मग पाहुणे बोलतात. सकारात्मक विचार करा, मोबाइल कमी पाहा, प्राणायाम करा. चहा, समोसा, फोटो, अहवाल, निधी खर्ची. ज्यांच्या नावानं तो खर्ची पडला ती माणसं त्याच वेळी शेजारच्या ओपीडीत महिन्याच्या गोळ्यांसाठी रांगेत असतात, आणि त्यांतल्या एकालाही कुणी वजनकाट्यावर उभं केलेलं नसतं.

मी स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाची थोरली बहीण. म्हणून मला अधूनमधून ‘शुभंकर’, म्हणजे रुग्णाचा सांभाळ करणारी, म्हणून अशा स्टेजवर बसवतात, गुलाबाचं फूल देतात आणि ताईंच्या त्यागावर दोन वाक्यं बोलतात. त्यागाचं राहू द्या. मला शरीराबद्दल बोलायचंय. गंभीर मानसिक आजार झालेल्या माणसाला मानेखाली शरीर असतं, त्यात हृदय, यकृत, आतडी आणि दात असतात, ही गोष्ट आपल्या आरोग्यव्यवस्थेला अजून कुणी सांगितलेली दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा पाया एका साध्या, भयंकर आकड्यावर आहे: गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी मरतात. आत्महत्येची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण यांतली बहुतेक माणसं मरतात ती तुम्हा-आम्हाला होणाऱ्या आजारांनीच. हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे विकार, क्षय. म्हणजे जे टाळता येतं, निदान लांबवता येतं, त्यानं. साठीतलं मरण चाळिशीत येतं आणि शेजारी हळहळत म्हणतात, सुटला बिचारा. या ‘सुटला’वर आपली सगळी यंत्रणा उभी आहे.

आता गोळ्यांबद्दल. माझा भाऊ कॉलेजात कबड्डी खेळायचा, अंगावर मांस धरत नव्हतं. ओलान्झापिन सुरू झाली, कानातले आवाज कमी झाले, झोप लागली, घरानं सुटकेचा श्वास टाकला. आणि त्याला भूक लागू लागली. जेवून ताटावरून उठल्यावर तासाभरात पुन्हा. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज यायचा. आम्ही उठून बघितलं तर हा पातेल्यातला गार भात नुसता मीठ लावून खातोय. आईनं डबे वर ठेवले, मग कपाटाला कुलूप घातलं. बघता बघता त्याला वडिलांचे शर्टही होईनासे झाले. डॉक्टरांना सांगितलं तर ते केसपेपरवरून मान वर न करता म्हणाले, जिभेवर ताबा ठेवायला सांगा.

जिभेचा संबंधच नाही. ओलान्झापिन आणि क्लोझापिन मेंदूतल्या ज्या जागांवर काम करतात त्यांतल्या काही भूक आणि तृप्ती सांभाळणाऱ्या आहेत. पोट भरल्याचा निरोप पोचत नाही. वजन पहिल्या काही आठवड्यांतच चढायला लागतं, पाठोपाठ चरबी आणि साखर. हे औषध कंपन्यांनी दडवलेलं गुपित नाही, पाठ्यपुस्तकात छापलेलं आहे. तृप्तीच हरपवणारी गोळी लिहून द्यायची आणि वर संयमाचं प्रवचन करायचं, याला वैद्यकीय सल्ला म्हणणं मला जमत नाही.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगते, कारण हा लेख वाचून कुणाचा तरी काका उद्या म्हणेल, बघा, गोळ्याच वाईट. नाहीत. फिनलंडमध्ये ६६ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलट चित्र दिसलं: औषध न घेणाऱ्यांत मृत्यू जास्त, आणि वजन वाढवण्यात सर्वांत बदनाम असलेली क्लोझापिन घेणाऱ्यांत सर्वांत कमी. गोळ्या बंद करून गोमूत्र आणि अनुलोम-विलोम सुरू करायला सांगणाऱ्यांनी माझ्या दारात येऊ नये. गोळी हवीच. गोळीबरोबर जे यायला हवं होतं ते आलं नाही, भांडण त्याचं आहे.

काय यायला हवं होतं? अमेरिकेतल्या मधुमेहतज्ज्ञांच्या आणि मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र बसून २००४ मध्येच वेळापत्रक ठरवून दिलं. गोळी सुरू करताना वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि चरबी मोजायची. वजन पुन्हा चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला, मग दर तीन महिन्यांनी. साखर आणि रक्तदाब बाराव्या आठवड्याला, मग वर्षातून एकदा. त्यासाठी लागतो एक काटा, एक टेप, एक बीपीचं यंत्र आणि रक्ताचा एक थेंब. याला वीस वर्षं उलटून गेली. तुमच्या घरात असा पेशंट असेल तर त्याची फाईल काढा आणि कमरेचा घेर लिहिलेला सापडतो का बघा. मी आमच्या फाईलचा कागदन् कागद उलटलाय. आधार कार्डाच्या झेरॉक्स भरपूर आहेत.

मोजणं जमत नाही असंही नाही. क्लोझापिन सुरू झाली की पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असतो, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात. रिपोर्ट नसेल तर गोळी नाही. भाऊ पुढे क्लोझापिनवर गेला तेव्हा हे काटेकोर पाळलं गेलं. सुई टोचली, रक्त काढलं, पेशी मोजल्या. त्याच बाटलीतून साखर मोजा असं मी म्हटलं, तर उत्तर मिळालं, ते आमच्यात येत नाही, मेडिसिनला दाखवा. शिरेतून बाहेर पडता पडताच रक्ताची खाती वाटली गेली होती.

क्लोझापिनची आणखी एक गोष्ट सभ्य लोक बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. ती आतडी मंदावते. बद्धकोष्ठ इतकं वाढू शकतं की आतडं अडून माणूस दगावतो. असे मृत्यू वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. यावरचा आरोग्य कार्यक्रम म्हणजे दर भेटीला एकच प्रश्न: शौचाला रोज होतं का? एवढा प्रश्न विचारायला कुठला निधी लागतो? आवाज येतात का, शंका येतात का, झोप लागते का, हे तीन प्रश्न आम्हाला पाठ झालेत. चौथा कुणी विचारला नाही.

बरं, मेडिसिनला दाखवा म्हणतात म्हणून मेडिसिनला जावं, तर तिथली तऱ्हा वेगळी. केसपेपरवर मनोविकार विभागाचा शिक्का दिसला की समोरच्या डॉक्टरचे कान मिटतात. पेशंट म्हणतो छातीत दुखतंय. डॉक्टर माझ्याकडे बघून विचारतात, गोळ्या वेळेवर घेतो ना? पाय सुजलेत, हे त्याला ‘वाटतं’. दम लागतो, हेही त्याला ‘वाटतं’. ईसीजी काढायला मला आवाज चढवावा लागला, आणि मग माझ्याकडेही तशाच नजरेनं बघितलं गेलं. बाईचं पण काहीतरी असावं. जो माणूस आयुष्यभर नसलेल्या गोष्टी ऐकल्याबद्दल औषध घेतो, त्याच्या असलेल्या दुखण्यावर विश्वास ठेवायला आपल्याकडे कुणी बांधील नाही. आणि हा विश्वास न ठेवण्याचा हक्क पदवीबरोबरच मिळत असावा, कारण इंटर्नपासून प्रमुखापर्यंत सगळे तो सारख्याच सहजतेनं बजावतात.

त्यातूनही एखाद्या रुग्णालयाला आरोग्यवर्धनाची हुक्की येते. आम्हाला एकदा आहारतज्ज्ञ बाईंनी छापील कागद दिला. सकाळी सहाला कोमट पाण्यात लिंबू, मग ब्रिस्क वॉक, मग ओट्स, भिजवलेले बदाम, अकराला एक फळ. कागद इंग्रजीत. समोर बसलेल्यांत निम्मी घरं रेशनच्या तांदळावर चालणारी. ज्याच्यासाठी कागद होता तो रात्रीच्या गोळीच्या गुंगीतून दहाच्या आत डोळे उघडत नाही, आणि उघडले तरी अंथरुणातून उठण्याची इच्छा हीच त्याच्या आजारानं सर्वांत आधी नेलेली चीज आहे. हे स्किझोफ्रेनियाचं लक्षण आहे, आळस नव्हे, एवढं तरी त्या कागदाला माहीत असायला हवं होतं.

चालायला जायचं तर कुठे? हा प्रश्न मला कुठल्याच मार्गदर्शक पुस्तिकेत भेटलेला नाही. स्वतःशी पुटपुटणारा, जाडजूड, दाढी वाढलेला माणूस गावच्या मैदानावर फेऱ्या मारायला लागला की पोरं आधी हसतात, मग खडे मारतात. सोसायटीच्या बागेत गेला तर वॉचमन दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा बाहेर काढतो. बागेत मुली खेळतात हो, असं एका काकूंनी मला समजावून सांगितलं, आवाजात साखर घालून. जिमवाल्याला खरं सांगितलं तर तो फी परत करतो, खोटं सांगितलं तर आम्हाला रात्री झोप लागत नाही. भावाबरोबर मी जाते तेव्हा तो चालतो. मी गेले नाही तर जात नाही. मी नोकरी करते. आरोग्यवर्धनाचा आमच्या गावचा सगळा आराखडा एवढाच.

जगात यावर काम झालंय आणि त्याचा धडा अगदी स्पष्ट आहे. इंग्लंडमध्ये अशा ४१४ रुग्णांना गटांत बसवून आहार-व्यायामाचं शिक्षण दिलं, अधूनमधून फोन केले. २०१८ मध्ये निकाल आला, वजनात फरक शून्य. डेन्मार्कमध्ये वर्षभर जीवनशैलीचे प्रशिक्षक लावले, तिथेही हृदयाचा धोका जागचा हलला नाही. तेही चांगल्या पगाराच्या, चांगल्या प्रशिक्षणाच्या लोकांनी केलेलं. आपल्या अर्ध्या तासाच्या भाषणानं काय होणार याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा. याउलट अमेरिकेत मेरीलँडला, पेशंट जिथे रोज येतातच त्या पुनर्वसन केंद्रांतच व्यायामाचे वर्ग भरवले, वजनाच्या बैठका घेतल्या, आणि हे दीड वर्ष चालू ठेवलं. नुसता सल्ला देऊन घरी पाठवलं नाही, सोबत घाम गाळला. २०१३ मधल्या त्या प्रयोगात २९१ माणसं होती आणि दोन गटांत सरासरी ३.२ किलोंचा फरक पडला. तीन किलो ऐकून नाक मुरडू नका. ज्या औषधांवर वजन फक्त वरच जातं, त्यांवर ते खाली आणून तिथे ठेवलं.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते सिडनीच्या बोंडायमधलं काम. आकड्यांनी लहान, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेलेही नव्हते, त्यामुळे त्याचे पोवाडे गायला नकोत. पण कल्पना बघा. त्यांनी वजन वाढायची वाटच पाहिली नाही. पहिल्यांदा आजारी पडलेल्या तरुण पोरांना गोळी सुरू होतानाच नर्स, आहारतज्ज्ञ, व्यायाम शिकवणारा आणि या आजारातून गेलेला एक सोबती, असे सगळे मिळाले, दवाखान्यातच व्यायामशाळा. बारा आठवड्यांत या मुलांचं वजन सरासरी १.८ किलो वाढलं. नेहमीचे उपचार मिळालेल्यांचं ७.८. ते सहा किलो पुढे आयुष्यभर उतरवत बसावे लागत नाहीत.

आणि आपण? आपला असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम मधुमेह-रक्तदाबाची तपासणी वयाच्या तिशीपासून सुरू करतो. स्किझोफ्रेनिया सुरू होतो विशीच्या आगेमागे. एकोणिसाव्या वर्षी ओलान्झापिनवर गेलेलं पोर तिशी गाठेपर्यंत अकरा वर्षं सरकारी चाळणीच्या बाहेर. आशाताई घरोघर फॉर्म भरतात. त्यांना दोष देत नाही, त्यांच्या डोक्यावर आधीच डोंगर आहे. पण त्या फॉर्मचा मसुदा करणाऱ्यांना हे सुचायला काय हरकत होती की अमुक गोळ्यांवर असलेल्या माणसाला वयाची अट नको? दोन कार्यक्रम, एक १९९६ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पसरत गेलेला मानसिक आरोग्याचा, दुसरा २०१० मध्ये सुरू झालेला मधुमेह-हृदयविकाराचा. पुष्कळदा एकाच इमारतीत, एकाच जिन्याच्या दोन बाजूंना. दोघांची भेट होते ती स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला.

तंबाखूचं तर बोलूच नये. मनोरुग्णांच्या संस्थांमध्ये बिडी हे चलन आहे. फरशी पुसली, एक बिडी. गोळी गपचूप गिळली, एक बिडी. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि तिथल्या मामांना विचारल्यावर ऐकलंय, त्यांना दुसरं सुख काय आहे हो. करुणेच्या नावाखाली फुप्फुसं जाळायची ही पद्धत. वर गंमत अशी की बिडीच्या धुरानं यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन भराभर संपवतं. म्हणजे बिडी ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. आणि अचानक बिडी सुटली तर तोच डोस अंगावर येतो. हे न पाहता बिडी द्यायची किंवा न पाहता बंद करायची, दोन्ही धोक्याचं. शिवाय तंबाखू सोडवल्यानं यांचा आजार बळावतो ही समजूत डॉक्टरांतही आहे. २०१६ मध्ये आठ हजारांहून जास्त लोकांवरचा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्यांना मानसिक आजार होता, त्या वेळी स्थिर असलेला. तंबाखू सोडवणाऱ्या गोळ्यांनी त्यांच्यात गंभीर मानसिक त्रास लक्षणीय वाढला नाही. इंग्लंडमध्ये या रुग्णांसाठी खास तयार केलेल्या मनोविकार परिचारिका दिल्या तेव्हा सहा महिन्यांनी सोडणाऱ्यांची संख्या ठळक वाढली. वर्षअखेर तो फरक विरला, हेही खरं. म्हणजे मदत सहा महिन्यांत गुंडाळायची नसते.

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, मिळून मंजूर खाटा साडेपाच हजारांच्या वर. तिथली माणसं सरकारी छताखाली जेवतात, झोपतात. त्यांच्या ताटात काय पडतं आणि संध्याकाळी त्यांना किती वेळ उघड्यावर चालू देतात, हाच राज्यातला सर्वांत मोठा आरोग्य कार्यक्रम आहे, कुणी त्याला तसं म्हणो वा न म्हणो. बाकीची प्रचंड संख्या घरांत आहे. किती, हे नेमकं विचारू नका. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यांत आपलं पुरोगामी राज्य नव्हतं.

कायदा मात्र आपल्याकडे झकास. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याचं २१ वं कलम सांगतं की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आरोग्यसेवा देताना शारीरिक आजारवाल्यांच्या बरोबरीनं वागवायचं. २० वं कलम संस्थेत पौष्टिक अन्न, स्वच्छता आणि करमणुकीची सोय हक्कानं देतं. मी ही दोन्ही कलमं छापून पर्समध्ये ठेवते. एका खिडकीवर काढून दाखवली तर पलीकडून विचारलं, मॅडम, वकील आहात का? नाही म्हटल्यावर खिडकी बंद झाली.

आता नेहमीचं उत्तर येईल: मनुष्यबळ नाही, पैसा नाही, आधी डोक्याचं तर बरं होऊ दे. डोकं बरं होईपर्यंत हृदय थांबत नाही, म्हणून शेवटचं कारण बाद. मनुष्यबळाचं म्हणाल तर सातारा जिल्ह्यात, गोव्यात आणि तामिळनाडूत ते उभं करून झालंय. स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवरचा तो अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. साध्या शिकलेल्या, गावपातळीवर तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन काम केलं आणि नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा लक्षणं आणि अपंगत्व थोडं जास्त उतरलं. थोडं, पण उतरलं. घरापर्यंत पोचणारा असा माणूस उभा करता येतो, हे आपल्याच मातीत सिद्ध झालेलं आहे. त्याच्या पिशवीत एक काटा आणि एक टेप टाकायला कुणाची परवानगी लागते? आणि पैशाचं म्हणाल तर या गोळ्यांमुळे वाढणाऱ्या वजनावर मेटफॉर्मिनचा उपयोग होतो हे कितीतरी प्रयोगांत दिसलंय. मधुमेहाची ही जुनीच गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते. कुणाला द्यायची ते डॉक्टरनं ठरवावं. पण ठरवण्यासाठी आधी पेशंटला काट्यावर चढवावं लागतं.

म्हणून माझी मागणी फितीची नाही. मनोविकार ओपीडीच्या दारात काटा, आणि वजनाचा आकडा केसपेपरवर आल्याशिवाय पुढची चिठ्ठी लिहायची नाही, जशी पांढऱ्या पेशींशिवाय क्लोझापिन मिळत नाही. साखर त्याच खोलीत, त्याच दिवशी. दुसरी खिडकी, दुसरा नंबर नको, कारण आमची माणसं दुसऱ्या रांगेपर्यंत टिकत नाहीत. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी चालण्याची सोबत, मानधन घेणारी, आणि ती याच आजारातून सावरलेल्या माणसाला द्या. त्याला काम मिळेल, माझ्या भावाला सोबत मिळेल. आणि प्रत्येक जिल्ह्यानं वर्षाला एक तक्ता भिंतीवर लावावा: नोंदलेले पेशंट किती, वजन-शुगर झालेले किती, मेलेले किती, कितव्या वर्षी, कशानं. शेवटच्या रकान्यात ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ लिहिलेलं चालणार नाही. ती मरणाऱ्या प्रत्येकाचीच बंद पडते.